स्पीडबोटीची राइड चालवताय? या चुका टाळा

नाथसागर असो, येलदरी असो की माजलगावचं धरण, राइड सुरू करायची म्हटलं की चर्चा बोट कोणती आणि इंजिन किती हॉर्सपॉवरचं यावरच रंगते. चालवणार कोण हा प्रश्न मागून येतो आणि उत्तर ठरलेलं असतं: “गावातलंच पोरगं आहे, धरणावरच वाढलंय.” पहिली चूक इथेच होते.

धरणावर वाढलेल्या मच्छीमाराला वारा कळतो, खोल-उथळ कळतं, जाळी कुठं टाकली असतील हेही कळतं. हे ज्ञान मोलाचंच आहे. पण वेगवान बोट होडीसारखी वागत नाही. वेग घेताना नाक वर येतं आणि समोरचं पाणी काही क्षण दिसेनासं होतं. वळणावर ती बाजूला घसरते. पूर्ण वेगात एक्सिलेटर एकदम सोडला तर बोटीचीच मागची लाट इंजिनाच्या बाजूने आत शिरते. ताशी ५० किलोमीटरला बोट सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. हे शिकवूनच अंगात येतं. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम आहेत, तिथं माणूस पाठवावा. गावातलाच पोरगा शिकून आला तर त्याच्यासारखा चालक दुसरा मिळणार नाही.

कागदांचं थोडक्यात. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे बोटीची नोंदणी, तपासणीचा दाखला, विमा आणि चालकाचा सक्षमता दाखला लागतो. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. दाखला आहे एवढ्यावर थांबू नका. तो कोणत्या वर्गाच्या बोटीसाठी आहे आणि त्याची मुदत कधी संपते, हे वाचा. ट्रकचं लायसन्स किंवा पोहण्याचं प्रमाणपत्र इथं चालत नाही. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका.

लाल दोरी स्टीअरिंगला गुंडाळून ठेवणं

सगळ्यात घातक सवय ही. किल स्विचची लाल दोरी चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद करण्यासाठी असते. ती स्टीअरिंगला बांधली तर चालक पडतो आणि इंजिन चालूच राहतं. हात सुटलेलं स्टीअरिंग पंख्याच्या (प्रोपेलरच्या) ओढीने एका बाजूला वळतं, बोट गोल फिरत परत येते आणि पाण्यात पडलेल्यांच्याच अंगावरून जाते.

दोरी चालकाच्या मांडीला, गुडघ्याच्या वर, किंवा लाइफ जॅकेटच्या मजबूत कडीला अडकवा. शर्टाच्या बटणाला किंवा खिशाला नाही. रोज पहिल्या फेरीआधी न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून क्लिप ओढून पाहा. इंजिन त्याच क्षणी बंद झालं पाहिजे. झालं नाही तर त्या दिवशी बोट काठावर राहते, मग गर्दी कितीही असो. उन्हाने कडक झालेली दोरी बदला आणि तिच्या जागी सुतळी किंवा नायलॉनची दोरी लावू नका. एक जादा दोरी बोटीत हवीच. चालक दोरीसकट पाण्यात पडला तर तिच्याशिवाय मदतनीसाला इंजिन पुन्हा चालू करता येणार नाही.

थरारासाठी लोकांना पुढे बसवणं

लाटेवर बोट आपटते तेव्हा सगळ्यात मोठा धक्का नाकापाशी बसतो. त्या धक्क्याने मणका दबून मोडू शकतो, आणि तो मोडायला बोट उलटावी लागत नाही. प्रवासी मध्यापासून मागे बसवा. पाय तळाला टेकलेले, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात दांडीवर. हातात मोबाइल असेल तर बोट हलवायची नाही. गरोदर बाया, पाठीचा किंवा हृदयाचा त्रास असलेले यांना स्पष्ट नाही म्हणा. काठावर तोंडावर नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून तिकिटाच्या खिडकीवरच पाटी लावा. साडीचा पदर आणि ओढणी जॅकेटच्या आत खोचून घ्यायला सांगा.

दुसऱ्या बोटीच्या लाटा मुद्दाम कापत वळणं घेण्याचा मोह टाळा. इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनजवळ ऑगस्ट २०२० मध्ये अशीच एक राइडची बोट मोठ्या फेरीबोटीच्या लाटा ओलांडत वळणं घेत होती. दिवसाढवळ्या, सुमारे ३८ नॉट म्हणजे ताशी ७० किलोमीटर वेगाने ती पाण्यातल्या लोखंडी बोयावर (खुणेच्या मोठ्या तरंग्यावर) आदळली आणि एक १५ वर्षांची मुलगी गेली. चालकाची नजर लाटांवर असेल तर पुढचं कोण बघणार? म्हणून चालकाशिवाय नजर ठेवणारा एक मदतनीस बोटीत असावाच.

आपल्याकडे बोया क्वचितच असतात, धोका पाण्याखाली असतो. उन्हाळ्यात नाथसागराची पातळी उतरली की जुन्या गावांच्या भिंती आणि झाडांची खोडं वर येऊ लागतात. मागच्या महिन्यातली सुरक्षित वाट या महिन्यात उरत नाही. दर आठवड्याला सावकाश फेरी मारून वाट पुन्हा तपासा आणि खुणेचे तरंगे लावा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे असं समजा. जाळं पंख्यात अडकलंच, तर आधी इंजिन बंद करा, क्लिप काढा, इंजिन वर उचला आणि मगच चाकू लावा. इंजिन न्यूट्रलवर चालू ठेवून पंख्यात हात घालायचा नाही.

जॅकेट आहे, पण बसत नाही

बंदिस्त पाण्यातही पोहता न येणाऱ्याला १०० न्यूटनचं जॅकेट हवं (न्यूटन म्हणजे जॅकेटच्या तरंगवण्याच्या ताकदीचं माप). ५० न्यूटनचं फक्त पोहणाऱ्यांसाठी असतं. पट्टे आवळा, प्रवाशाला हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्याशी धरून वर ओढा. ते हनुवटीवर आलं तर माप चुकलं. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा लागतो. “कडेवर घेते” म्हणणाऱ्या आईचं मूलसुद्धा एक प्रवासी म्हणून मोजा आणि त्यालाही त्याच्या मापाचं जॅकेट द्या. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती, जॅकेटं सगळ्यांना नव्हती.

वळवाचा अंदाज न घेणं

मे महिन्यात दुपार कलली की आभाळ पंधरा-वीस मिनिटांत भरून येतं. नाथसागरासारख्या पसरट पाण्यावर वाऱ्याला मोकळं मैदान मिळतं आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. उजनीत २१ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. मेघगर्जना ऐकू आली की फेऱ्या बंद करा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं गेल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

मधेच इंजिन बंद पडलं

घाईने चावी फिरवत राहिलं तर बॅटरी जाते. क्रमाने बघा. लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का? गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? पेट्रोल पाइपमधला रबरी फुगा दाबून कडक होतो का? नसेल होत तर टाकी रिकामी आहे किंवा पाइपचा जोड हवा ओढतोय. फुगा कडक आहे तरी इंजिन धरत नसेल तर फिल्टरमध्ये पाणी असू शकतं. इंजिन तापून बंद पडलं असेल, तर त्याआधी इंजिनाच्या मागून पडणारी, त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार थांबलेली असते. विष्णुपुरीसारख्या ठिकाणी जलपर्णी इंजिनाच्या पाणी ओढण्याच्या जाळीवर चिकटते. ती काढा, इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोलचा हिशोब तीन भागांचा ठेवा: एक जायला, एक यायला आणि एक राखीव.

हे सगळं तपासण्याआधी मात्र नांगर टाका, नाहीतर दुरुस्ती चाललेली असताना वारा बोट धरणाच्या दरवाज्यांकडे किंवा कालव्याच्या तोंडाकडे नेतो. खोलीच्या किमान पाचपट दोरी सोडली तर नांगर धरतो. काठावरच्या माणसाकडे प्रवाशांची संख्या आणि परतीची वेळ लिहिलेली असावी. धरणाच्या मध्यावर मोबाइलचं नेटवर्क जातं, त्यामुळे वॉकीटॉकी ठेवा. वेळ उलटून दहा मिनिटं झाली आणि उत्तर आलं नाही, तर दुसरी बोट लगेच निघाली पाहिजे.