ऊस वाहतुकीची जुनी ट्रॉली नेमकी कधी विकत घ्यावी?

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर या भागात ऊस वाहतुकीची जुनी ट्रॉली घ्यायची म्हटली की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी दसऱ्याचा मुहूर्त सांगतो, तर कोणी मार्चअखेरीस सगळे अडचणीत असतात, तेव्हा स्वस्त मिळते, असे सांगतो. या दोन्ही सल्ल्यांपायी शेतकऱ्यांचे पैसे जातात, कारण ट्रॉलीचा भाव पंचांगावर किंवा सोसायटीच्या मार्चअखेरच्या कर्जवसुलीवर ठरत नाही, तो कारखान्याच्या हंगामावर ठरतो. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगामाचे गाळप बंद होऊन, वाहतूकदारांचा हिशेब पुरा झाला की खरेदीचा काळ सुरू होतो आणि पुढच्या हंगामाच्या उचलीचा (कारखान्याकडून मिळणाऱ्या आगाऊ रकमेचा) पहिला हप्ता वाटला गेला की तो संपतो. आपल्या भागात हा काळ साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून कर्नाटकी बेंदराच्या (ज्येष्ठ पौर्णिमेच्या) आसपासपर्यंत असतो.

ट्रॅक्टरची ताकद, हाताशी असलेली रक्कम आणि तेवढ्याच मापाच्या नव्या ट्रॉलीचा आजचा भाव या तीन गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात.

यानंतरचा टप्पा खरा अवघड असून तो उमजायला मलाही बराच वेळ लागला. पट्टा पडला म्हणजे ट्रॉल्या लगेच स्वस्त होतात, असे सगळेच गृहीत धरतात. तसे होत नाही. गाळप बंद झाल्यावर पहिले काही दिवस वाहतूकदाराला स्वतःलाच ठाऊक नसते की त्याच्या हाती काय उरणार आहे. हंगामापूर्वी त्याने तोडणी-वाहतुकीच्या करारापोटी उचल घेतलेली असते, त्यातली बरीच रक्कम मुकादमामार्फत ऊसतोड मजुरांच्या टोळीला दिलेली असते आणि कारखाना ती त्याच्या बिलांतून कापून घेत असतो. टोळी शेवटपर्यंत टिकली तर उचल फिटते. टोळी मध्येच निघून गेली तर बाकी वाहतूकदाराच्या डोक्यावर राहते. हा हिशेब हाती येईपर्यंत तो जो भाव सांगतो, तो अंदाजाने सांगितलेला आणि म्हणूनच चढा असतो. हिशेब झाल्यावर मात्र कोणाला पुढच्या वर्षी धंदा करायचाच नसतो, कोणाला बाकी भरायची असते, कोणाला दोन ट्रॉल्यांऐवजी एकच ठेवायची असते, आणि तेव्हाच बोलणी खऱ्या आकड्यांवर येतात.

म्हणून गावातल्या चर्चेवर विसंबून न राहता कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन किंवा आपल्या भागाच्या चिटबॉयला, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, गाठून दोनच प्रश्न विचारावेत: वाहतुकीची शेवटची बिले निघाली का, आणि पुढच्या हंगामाचे करार कधी सुरू होणार? या दोन उत्तरांमधला काळ हाच आपला काळ समजावा. प्रत्येक कारखान्याचा पट्टा वेगळ्या दिवशी पडतो, त्यामुळे संकेश्वरच्या हिरण्यकेशीचे वेळापत्रक चिकोडीच्या दूधगंगा-कृष्णाला लागू पडेल, असे धरून चालू नये. ज्याची ट्रॉली घ्यायची त्याची गाडी ज्या कारखान्याला चालते, तिथलीच चौकशी करावी.

हिशेब पुरा झाल्याचा कागद पाहिल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नये, असे मी सर्वांना निक्षून सांगतो. थकलेल्या उचलीची वसुली उद्या त्या वाहनापर्यंत पोहोचली तर दावणीची ट्रॉली सोडून कागद घेऊन फिरण्याची वेळ आपल्यावर येते. तसेच हंगाम चालू असताना विसार देऊन ‘पट्टा पडल्यावर ताबा घेतो’ असा व्यवहार कधीही करू नये. भाव आज ठरतो, पण ट्रॉली पुढे दीड-दोन महिने भरून धावत राहते, आणि त्या काळात झिजणारे टायर आणि पाटे (चाकांवरच्या पानांच्या स्प्रिंगा) आपल्या पैशांचे असतात.

या काळाचा दुसरा फायदा भावापेक्षाही मोठा आहे. एप्रिल-मे महिन्यांत ट्रॉली जशी कारखान्यातून आली तशीच, चिखल-पाचटासकट उभी असते. श्रावणानंतर तीच ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानातून लाल किंवा निळा रंग लावून बाहेर येते आणि मग तिच्यातला दोष पारखणे जाणत्या मिस्त्रीलाही जड जाते. शक्य असेल तर एखादा वळीव पडून गेल्यावर दोन दिवसांनी पाहायला जावे. पुढच्या दांडीच्या मुळाशी, जिथे हूक चेसिसला जोडलेला असतो, तिथे वाकून बघावे. वेल्डिंगला बारीक चीर असेल तर तिच्यात शिरलेले पाणी पाझरून केसासारखी तांबूस रेघ खाली उतरलेली दिसते. अशी रेघ दिसली तर भाव करत बसू नये. भरल्या उसाचा सगळा ताण त्याच जोडावर येतो. मागच्या हुकाचीही अशीच पाहणी करावी, कारण दोन ट्रॉल्या जोडून चालवलेली ट्रॉली तिथेच आधी थकते. टायर रिमोल्ड (जुन्यावर नवे रबर चढवलेले) आहेत का, पाट्यांची पाने मोडली आहेत का आणि चाक उचलून फिरवल्यावर बेअरिंग खरखरते का, हे कोणताही मिस्त्री दहा मिनिटांत सांगतो.

ज्यांना ऊस वाहायचा नाही, केवळ शेणखत, माती आणि माल वाहण्यासाठी फाळक्यांची (बाजूंना फळ्या असलेली) ट्रॉली हवी आहे, त्यांच्यासाठी हे वेळापत्रक उलटे आहे. मृगाच्या आधी सगळ्यांना खत टाकायचे असते, त्यामुळे मे महिन्यात तिचा भाव चढलेला असतो. ती आषाढ-श्रावणात, शेतात चाक जात नसताना घ्यावी.

मुहूर्ताबद्दल एवढेच सांगतो की पूजा अक्षय्य तृतीयेला खुशाल करावी, पण भाव त्या दिवशी ठरवू नये, कारण आपण त्या दिवशी रिकाम्या हाताने परतणार नाही, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

सीमाभागात आणखी एक मोह असतो. कागल, गडहिंग्लजकडची एमएच ०९ ची (कोल्हापूर नोंदणीची) ट्रॉली आपल्याकडच्या केए २३ (चिकोडी नोंदणीच्या) ट्रॉलीपेक्षा कमी भावात मिळते आणि बारा-पंधरा मैलांवर असल्यामुळे ती घरचीच वाटते. घ्यायला हरकत नाही. मात्र वेळेचा हिशेब वेगळा धरावा. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा स्वतंत्र असते, तिचा चेसिस नंबरही स्वतंत्र असतो, त्यामुळे केवळ ट्रॅक्टरचे कागद पाहून भागत नाही. परराज्यातले वाहन बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवायचे असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथला नवा नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो. ट्रॉलीवर कर्ज असेल तर आधी बँकेकडून फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवावा लागतो. हे सारे विकणाऱ्याच्या सहीवाचून होत नाही आणि पैसे मिळाल्यावर सहीसाठी त्याला शोधत फिरावे लागते, म्हणून फॉर्म २९ व ३० वरच्या सह्या होऊन ना-हरकत दाखल्याचा अर्ज आरटीओत दाखल होईपर्यंत निदान चौथा हिस्सा रक्कम हातची ठेवावी.

अशी ट्रॉली मे महिना संपण्यापूर्वीच ठरवावी. जूनमध्ये घेतली तर कारखान्याचे करार सुरू होतात, तेव्हा तिची कागदपत्रे दोन आरटीओंच्या मध्ये अडकलेली असतात. केए नंबरच्या ट्रॉलीला बेंदरापर्यंत थांबता येते, मात्र खरेदीनंतर तीस दिवसांच्या आत नावावर करण्याचा अर्ज द्यावा, म्हणजे करारावर सही करताना नोंदणीचे कागद आपल्याच नावाचे असतील.