गॅरेजचं दार उघडं राहिलंय का, हे बाहेरून फोनवर बघायचं असेल तर

गॅरेजचं दार लावलं की नाही ही शंका घरापासून बरंच लांब गेल्यावरच येते. माझ्याकडे एकदा दार रात्रभर सताड उघडं राहिलं, सकाळी खाली गेलो तेव्हा कळलं, आणि त्याच आठवड्यात मी हे बसवलं. यात फक्त दार उघडं की बंद एवढंच दिसतं, लांबून दार हलवायची सोय नाहीये. आधी एवढंच करा असं मी कळकळीने सांगेन, कारण दाराखाली कोणी उभं आहे का हे दिसत नसताना ते लांबून बंद करणं धोक्याचं आहे.

सामान थोडंच लागतं. ईएसपी८२६६ चिपवाला डी१ मिनी, म्हणजे वायफाय असलेला, प्रोग्रॅम टाकता येणारा छोटासा बोर्ड, एक रीड स्विच म्हणजे दाराचा तो मॅग्नेटवाला सेन्सर, दोन पदरी वायर आणि जुना ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर. घरात होम असिस्टंट, म्हणजे स्मार्ट उपकरणं एका जागी बघायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, चालू आहे असं धरून चाललोय. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो, त्यामुळे आधी गॅरेजमध्ये त्याची रेंज येते का ते बघा.

रीड स्विचची एक वायर ग्राउंडला आणि दुसरी बोर्डावरच्या डी२ पिनला, म्हणजे चिपच्या जीपीआयओ ४ला. डी३ला अजिबात लावू नका. ती जीपीआयओ ०ची पिन आहे, बोर्ड चालू होताना ती ग्राउंडला जोडलेली असेल तर बोर्ड प्रोग्रॅम घ्यायच्या मोडमध्ये जाऊन बसतो. आता बघा, दार बंद असलं की रीड स्विच जोडलेला असतो, म्हणजे लाईट जाऊन आली की बोर्ड तिथेच अडकणार आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

स्विच चौकटीवर, मॅग्नेट दारावर, म्हणजे वायर हलत नाही. जागा अशी निवडा की दार जरासं उचललं तरी दोघं लांब जातील. दार लोखंडी पत्र्याचं असेल तर पत्रा मॅग्नेटची ताकद खातो, म्हणून मधे लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घाला आणि शक्यतो जास्त गॅप चालणारा सेन्सर घ्या, कारण ही दारं डुगडुगतात. स्क्रू पक्के करायच्या आधी मल्टीमीटर बीपवर ठेवून दार दोन-चारदा हाताने वरखाली करा, बंद केलं की दर वेळी बीप आलाच पाहिजे.

ईएसपीहोममध्ये (बोर्डासाठी प्रोग्रॅम बनवून तो होम असिस्टंटला जोडणारं टूल) बायनरी सेन्सर घ्या, पिनला इनपुट पुलअप द्या (स्विच सुटला की पिन आपोआप 'हाय' राहते), डिव्हाइस क्लास गॅरेज डोअर ठेवा. या जोडणीत बंद दार आपोआप बंदच दिसतं, इन्व्हर्टेड, म्हणजे उलटं, करायची गरज नाही. वाऱ्याने दार खडखडलं की उघड-बंद-उघड असे मेसेज येतात, त्यावर अर्ध्या सेकंदाचा डिलेड ऑन ऑफ फिल्टर लावा, म्हणजे बदल तेवढा वेळ टिकला तरच धरला जातो.

मग ऑटोमेशन. दार १० मिनिटं उघडं राहिलं की फोनवर नोटिफिकेशन, हे सगळेच करतात. पण खरं महत्त्वाचं दुसरं आहे, सेन्सर ५ मिनिटं अनअव्हेलेबल राहिला, म्हणजे बोर्डाशी संपर्कच नसला, तरी नोटिफिकेशन आलं पाहिजे. स्क्रीनवर "उघडं नाही म्हणजे बंद" असं लॉजिक लिहिलं असेल तर बोर्ड मेला तरी दार बंदच दिसत राहतं, आणि आपण निवांत झोपतो. उघडं, बंद आणि माहीत नाही, अशा तीन अवस्था वेगळ्या दाखवा. राउटर आणि होम असिस्टंटचं मशीन छोट्या यूपीएसवर असेल तर फारच बरं, नाहीतर लाईट गेली की नोटिफिकेशन पाठवणाराच बंद.

बाहेरून बघायला राउटरवर पोर्ट उघडून ठेवू नका, वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खाजगी वाट, वापरा.

सगळं झालं की फोनचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर या आणि घरातल्या कोणाला तरी दार उघडायला सांगा. ते दिसलं की मग गॅरेजमधला चार्जर उपटा आणि ५ मिनिटं फोनकडे बघत बसा.