शिगम्याच्या दिवसांत तळ्यावरची बदके कशी पाहावीत

डिसेंबर उजाडला की गोव्यात पक्षी बघणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. पण बदके ओळखायला शिकायची असतील, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत जावे. हिवाळ्याच्या तोंडाला उत्तरेकडून बदके येतात, तेव्हा बहुतेक नरांचा रंगीत पिसारा झडलेला असतो. नर काय, मादी काय, सगळेच मळकट तपकिरी. मार्चपर्यंत मात्र नर पुरते सजलेले असतात. शिवाय तोवर तळ्याचे पाणी ओसरू लागते आणि उरलेल्या पाण्यात पक्षी दाटीने बसतात. एप्रिल लागेपर्यंत बहुतेक पाहुणे निघून जातात, म्हणून ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणत राहू नये.

जागा निवडणे सोपे आहे. तिसवाडीत करमळीचे तळे, अगदी करमळी रेल्वे स्थानकाला लागून. जुन्या गोव्यापर्यंत बसने येऊन पुढे रिक्षा किंवा पायलट (मोटारसायकल टॅक्सी) केला तरी चालते. दक्षिणेकडच्यांना कुडचड्याचे नंदा तळे जवळ; 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेली गोव्यातली ही पहिली जागा. मये तळ्यावर नावा फिरतात, घरच्या मंडळींना घेऊन जायला छान, बदकांसाठी नव्हे.

दुर्बीण 8×42 ची घ्यावी. 8 म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते ते आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. जास्त पटीची घेतली तर हाताची थरथरही तितकीच मोठी दिसते. कपडे मातकट रंगाचे, डोक्यावर टोपी, सोबत पाणी. बस्स.

मार्चच्या सुरुवातीला इथे सूर्य पावणेसातच्या पुढे-मागे उगवतो. त्याआधीच बांधावर पोचावे आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी. ही एक गोष्ट चुकली तर समोरचे प्रत्येक बदक काळी सावली होते. नऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते, मग महागडी दुर्बीणही काही कामाची नाही.

आता पाहायचे कसे? पहिली दहा मिनिटे दुर्बीण गळ्यातच राहू द्यावी. कोण कुठे आहे आणि कसे खाते आहे, ते नुसत्या डोळ्यांनी बघावे. ओळख रंगापेक्षा खाण्याच्या तऱ्हेवरून लवकर पटते. डोके पाण्यात आणि टोकदार शेपटी आभाळाकडे असे उलटे झालेले दिसले तर बहुधा तलवार बदक. चोच पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून डावी-उजवीकडे फिरवत, गाळणी लावल्यासारखा पुढे सरकतो तो थापट्या. त्याची चोच टोकाला पसरट असते. कमळाच्या पानांमध्ये छोटीशी, पांढरट जोडी टिपत फिरत असेल तर ती काणूक, आपल्याकडचे सर्वांत लहान बदक.

मग दुर्बीण लावावी आणि डोक्यापासून सुरुवात करावी. तपकिरी डोक्यावर डोळ्याच्या वरून मानेपर्यंत उतरलेला पांढरा जाड पट्टा म्हणजे भुवई बदकाचा नर. चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी दोन लाल ठिपके, तर हळदीकुंकू बदक. अडई इथलीच, दिवसा झाडोऱ्याच्या आडोशाने थव्याने बसलेली. उडताना शीळ घालते, त्यामुळे ती आधी ऐकूच येते. वारकरी मात्र बदक नव्हे. काळ्या अंगावर कपाळ आणि चोच पांढरी शुभ्र, आणि उडण्याआधी पाण्यावरून बराच धावतो. नवशिक्यांच्या यादीत तो हमखास बदकांत जाऊन बसतो.

मध्येच सगळा थवा एकदम उठला तर वर बघावे, बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो. अशा वेळी पंखांवरचे रंग टिपून घ्यावेत, बसलेल्या बदकाचे ते क्वचितच दिसतात. पण थवा तुमच्यामुळे उठता कामा नये. खाणारी बदके थांबली, माना ताठ झाल्या की तुम्ही फार पुढे आलात असे समजून चार पावले मागे सरकावे. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत, पाव टाकू नये, कुत्रा घरी ठेवावा. बांधाखाली कुणाचे तरी वायंगण (पावसाळ्यानंतरचे भातपीक) उभे असते, शेतात काका दिसले तर “इथून गेलो तर चालेल?” एवढे विचारावे. नाही तरी तळ्यावर काल काय बसले होते, ते त्यांनाच ठाऊक असते.

मोजताना एकेक मोजत बसू नये. दहा बदके मोजून तेवढ्याची जागा नजरेत धरावी आणि तसे गट किती भरतात ते पाहावे. वहीत तारीख, वेळ, आकडा लिहावा. हवे तर तीच नोंद ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी. मार्चमध्ये दर आठवड्याला त्याच बांधावरून मोजले तर कोणती जात आधी निघाली आणि कोण शेवटपर्यंत रेंगाळले, ते वहीतच दिसते. आणि हो, भाजी-पाव नऊनंतर खावा. जुन्या गोव्यात सहज मिळतो.