खाऱ्या पाण्याने खाल्लेलं काँक्रीट: डिझाइन-बिल्डच्या कामावर नव्याने येणाऱ्यांसाठी

पुण्याहून शिकून मी न्यूयॉर्कला नोकरीला लागले, तेव्हा सँडी वादळाला काही वर्षं उलटली होती. 29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री नदीखालच्या मेट्रोच्या बोगद्यांत समुद्र शिरला. एकट्या कनार्सी बोगद्यात सुमारे 70 लाख गॅलन. पाणी उपसलं, गाड्या धावू लागल्या, पण मीठ आतच राहिलं. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की तिच्यावरचा संरक्षक थर तुटतो, गंज फुगतो आणि काँक्रीट सुटायला लागतं.

माझं पहिलं काम जुन्या पद्धतीचं होतं. आधी पूर्ण ड्रॉइंग, मग टेंडर. ड्रॉइंगमध्ये दुरुस्तीची चौकट आखलेली, आणि फोडल्यावर गंज चौकटीबाहेर दोन फूट गेलेला. प्रश्न लिहून पाठवायचा आणि उत्तराची तीन-तीन आठवडे वाट बघायची. तोवर सळया उघड्या. त्या दिवसांची चिडचिड अजून आठवते.

पुढचं काम डिझाइन-बिल्डचं मिळालं. डिझाइनर आणि ठेकेदार एकाच करारात, एकाच कंटेनरमधल्या ऑफिसात. रात्रपाळीत मुकादम हातोडीने भिंत वाजवत जायचा. बाजारात मडकं वाजवून घेतो ना, तसंच. खणखणीत तिथे पुढे, बद्द तिथे खडूची रेघ. मी शेजारी उभी राहून तिथल्या तिथे ठरवायचे, किती फोडायचं. खराब झालेल्या संरचनेत खरी माहिती फोडल्यावरच मिळते, म्हणून ही पद्धत मला इथे योग्य वाटते.

पण टेंडर भरण्याआधी एक गोष्ट विचाराच: अंदाजापेक्षा जास्त नुकसान निघालं तर पैसे कोण देणार? दुरुस्तीचं क्षेत्र चौरस फुटाच्या दराने धरलेलं नसेल, तर एकाच टेबलावरची माणसं महिन्याभरात भांडायला लागतात.

आणि नुसती ठिगळं लावू नका. नव्या ठिगळाच्या कडेला, जिथे जुनं खारट काँक्रीट उरतं, तिथली सळई आणखी जोरात गंजते. कधीकधी तर तोडफोडच टाळता येते. कनार्सीत केबल बेंच वॉलच्या, म्हणजे रुळांच्या कडेने जाणाऱ्या काँक्रीटच्या कट्ट्याच्या, पोटात होत्या. 2019 मध्ये ठरलं की नव्या केबल बोगद्याच्या भिंतीवर रॅक लावून न्यायच्या आणि बेंच वॉल बरीचशी जागेवरच ठेवून मजबूत करायची. बोगदा पंधरा महिने पूर्ण बंद ठेवणं टळलं. रात्री आणि शनिवार-रविवारी काम करून एप्रिल 2020 मध्ये ते संपलं.

मीठ किती खोल गेलंय हे काँक्रीटला भोक पाडून, भुकटी तपासून कळतं; म्हणून पहिल्या आठवड्यात ड्रिलवाल्याबरोबर उभे राहा. दर अर्ध्या इंचाची भुकटी वेगळ्या बाटलीत, बाटलीवर खोली आणि जागा आपल्या हाताने लिहायची. भोक प्रत्येक वेळी पुसून घ्या, नाहीतर वरचं मीठ खालच्या नमुन्यात मिसळतं.