पिकअप गेला म्हणण्याआधी: नव्या वायरिंगनंतरच्या तपासणीची तयारी

इलेक्ट्रिक गिटारचं वायरिंग बदललं, प्लेट बसवली, तारा चढवल्या आणि एक पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी मॅग्नेट-कॉइल) बोलेनासा झाला, की पहिला संशय पिकअपवरच जातो. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. दोष सापडतो जॅकपाशी (केबल लावायची जागा), पिकअप निवडायच्या स्विचच्या पायांत नाहीतर पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा फिरता रेझिस्टर) पाठीवरच्या सोल्डरच्या डागात. म्हणून तयारी अशी ठेवा की गिटार उघडण्याआधीच अर्धा निकाल लागेल आणि सोल्डर आयर्न सगळ्यात शेवटी तापेल.

मल्टिमीटर साधा चालेल, पण त्यावर २० के, २०० के (के म्हणजे हजार ओहम) आणि २ एम (एम म्हणजे दहा लाख ओहम) या तिन्ही रेंज हव्यात आणि आतली बॅटरी ताजी हवी. बॅटरी उतरलेला मीटर चुकीचे आकडे दाखवतो आणि चांगला पिकअप उगाच काढायला लावतो. दुसऱ्या गिटारवर तपासून घेतलेली एक केबल, दोन क्रोकोडाइल क्लिपा, चिमटा, पॉलिशपेपर, ६०/४० चं रोझिन भरलेलं ०.८ किंवा १ मिमी सोल्डर, जुनं सोल्डर ओढून घ्यायला विक (तांब्याची विणलेली पट्टी), मीटरभर शील्डेड वायर आणि काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे. जळगाव, धुळे, भुसावळच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत यातलं बहुतेक सगळं मिळतं. पॉटचं मात्र पाहून घ्या: सिंगल कॉइल (एका कॉइलचा) पिकअपला २५० के, हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० के, आणि अंकाबरोबर ‘ए’ अक्षर असलेला. ‘बी’ लावला तर आवाज जाणार नाही, पण नॉब फिरवताना सगळा बदल एका टोकाला गोळा होईल. टोन पॉटवरचा कपॅसिटर सिंगल कॉइलला सहसा ०.०४७ मायक्रोफॅरड (वर ४७३ छापलेला), हंबकरला ०.०२२ (२२३).

आता गिटार न उघडता मोजणी. केबल गिटारला लावा, दुसऱ्या टोकाच्या प्लगच्या टोकाला एक क्लिप, दांड्याला दुसरी. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण दहावर हवेत. व्हॉल्यूम मध्यावर राहिला तर मीटर पॉटचाच रेझिस्टन्स दाखवतो, पिकअपच्या आकड्याच्या कितीतरी पट, आणि माणूस भलत्याच वाटेला लागतो. स्ट्रॅटसारख्या (तीन सिंगल कॉइल, पाच जागांचा स्विच) गिटारवर स्विच १, ३, ५ वर साडेपाच ते साडेसहा के यायला हवं. २ आणि ४ वर दोन पिकअप पॅरलल असतात, तिथे ३ के आलं तर तो दोष नव्हे. हंबकर ७ ते ९ के, जास्त आउटपुटचे त्याहून बरेच वर.

एका जागी २० के रेंजवर मीटर नुसता ‘१’ किंवा ‘ओएल’ (म्हणजे रेंजबाहेर) दाखवत असेल तर रेंज वाढवत २ एमवर न्या. तिथे २५० के किंवा ५०० के च्या आसपास आकडा आला, तर पॉटपासून जॅकपर्यंतचं सगळं ठीक आहे, तुटलंय ते पॉटच्या अलीकडे: स्विच, पिकअपची वायर किंवा कॉइल. २ एमवरही काहीच नाही, म्हणजे जॅकची वायर नाहीतर ग्राउंड (सिग्नलच्या परतीची वायर) सुटलंय. आणि सगळ्या जागांवर शून्य, म्हणजे हॉट (सिग्नल नेणारी) वायर कुठेतरी ग्राउंडला टेकलीय.

आकड्यांवर ऊन चढतं, हे खानदेशात विसरून चालत नाही. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांवर ६ के भरलेला पिकअप मे महिन्याच्या दुपारी ४४ अंशांवर पावणेसातच्या पुढे जातो. तो बिघडलेला नाही. तुलना करायचीच तर त्याच तासात मोजलेल्या शेजारच्या पिकअपशी करा. उलट गुंडाळीतले काही वेढे आतल्या आत शॉर्ट असतील तर आकडा थोडाच कमी येतो, पण आवाज दबका आणि मेलेला. तिथे मीटरपेक्षा कानावर भरवसा ठेवा.

चार वायरींच्या हंबकरसाठी कंपनीचा कलर कोड आधी कागदावर उतरवून घ्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सीमोर डंकन कंपनीच्या पिकअपमध्ये काळी हॉट, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडलेल्या, हिरवी आणि उघडी (बिनवेष्टनाची) ग्राउंडला. डिमार्झिओ कंपनीच्या पिकअपमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी जोडलेल्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डंकन डिमार्झिओच्या कोडने लावला तर एकच कॉइल वाजते, आकडा निम्मा येतो आणि गुणगुण वाढते. डिमार्झिओ डंकनच्या कोडने लावला तर आकडा अगदी बरोबर येतो, पण दोन कॉइल एकमेकींचा आवाज खातात आणि पत्र्यासारखा पोकळ सूर निघतो. बरोबर आकडा आणि वाईट आवाज ही जोडी दिसली की आधी रंग तपासा. निम्मा आकडा येण्याचं आणखी एक कारण म्हणजे त्या जोडलेल्या दोन वायरींचा डाग पॉटच्या पत्र्याला टेकणं. त्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) हवीच.

प्रत्येक पिकअप एकटा चांगला आणि दोन एकत्र केले की बेस गायब, हा फेजचा, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांविरुद्ध जाण्याचा प्रश्न. मीटर पिकअपला लावून ठेवा, स्क्रू ड्रायव्हरचं लोखंडी पातं पोलवर (तारेखालच्या मॅग्नेटच्या किंवा स्क्रूच्या डोक्यावर) टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर उडतो किंवा खाली. दोन्ही पिकअपांना दिशा सारखी हवी. वेगळी असेल तर एकाच्या दोन वायरी उलटवा. पण पत्र्याचं कव्हर त्याच ग्राउंड वायरला जोडलेलं असेल तर तसं करू नका, कव्हर हॉट होईल आणि हात लावला की घरघर सुरू. कव्हरची जोडणी आधी वेगळी करावी लागते.

उघडायची वेळ आलीच तर आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो. जॅक हाताने फिरवून पाहा: नट सैल असला की जॅक फिरतो आणि त्याचा हॉट पाय आतल्या, गुणगुण रोखायला लावलेल्या आणि ग्राउंडला जोडलेल्या कॉपर टेपला टेकतो. प्लेट बाहेर असताना वाजणारी आणि स्क्रू आवळल्यावर गप्प होणारी गिटार बहुतेक याच दुखण्याची असते. शील्डेड वायरच्या जाळीचा एखादा सुटा केसही तेच करतो. मग स्विचवरची त्या पिकअपची एकच हॉट वायर सोडवा आणि पिकअप एकटा मोजा. पोलचे मॅग्नेट दाबू नका, फिरवू नका. स्ट्रॅटच्या पारंपरिक पिकअपमध्ये ०.०६ मिमीच्या आसपासची तार थेट मॅग्नेटवर गुंडाळलेली असते, मॅग्नेट हलला की आतला वेढा तुटतो.

सोल्डरिंग सकाळी, पंखा बंद करून. पंख्याच्या वाऱ्याने डाग धुरकट आणि दाणेदार बसतो, त्यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. २५ वॅटचं आयर्न स्विचच्या पायांना पुरतं, पॉटच्या पाठीला नाही. तिथे ५० ते ६० वॅट आणि रुंद बिट (आयर्नचं टोक) लागते. शेतातले पंप चालू होऊन व्होल्टेज १८० वर उतरलं असेल तर २५ वॅटचं आयर्न जेमतेम १५ वॅट देतं, हेही ध्यानात ठेवा. पॉटची पाठ पॉलिशपेपरने घासा आणि चार-पाच सेकंदांत काम उरका. पत्र्याच्या कामाचं ॲसिड इथे नको, ते वायर खातं.

गुणगुण राहिली तर गिटारवर लगेच आळ घेऊ नका. ब्रिज (तारा अडकवलेला धातूचा भाग) आणि केबलच्या प्लगच्या दांड्यात एक-दोन ओहमपेक्षा जास्त येत नसेल तर ब्रिजची वायर ठीक. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर सगळं नेहमीसारखं, वाढली तर जॅकवर हॉट आणि ग्राउंड उलटे. त्यानंतर बॅटरीवरच्या छोट्या ॲम्पवर वाजवा. तिथे शांत आणि घरच्या ॲम्पवर घरघर, म्हणजे घराची अर्थिंग पाहायला हवी. एप्रिल-मेमध्ये काळी माती भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं. गुणगुण घालवायला प्लगची अर्थ पिन कापणारे आहेत. ते कधीच करू नका, माइकला ओठ लागला की झटका बसतो.

पिकअप एकटा मोजूनही ‘ओएल’च आला तर भिंग घेऊन कॉइलची बारीक तार जिथे वायरीला जोडलेली असते तो डाग पाहा. बाहेरचं टोक तुटलं असेल तर अर्धा वेढा उलगडून, टोकावरचा लेप हलक्या हाताने खरवडून पुन्हा डाग देता येतो. आतलं टोक गेलं असेल तर रिवाइंडिंगशिवाय, म्हणजे कॉइल नव्याने गुंडाळून घेण्याशिवाय मार्ग नाही. पाठवताना पिकअप कडक डबीत ठेवा आणि सोबत शेजारच्या पिकअपचा आकडा, वेढ्यांची दिशा माहीत असल्यास ती, आणि पोलचं वरचं टोक कंपासच्या कोणत्या टोकाला ओढतं हे लिहून द्या.