‘हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही’ असं आलं तर

प्ले स्टोअरवर हा संदेश दिसला म्हणजे लगेच नवा फोन घ्यायची वेळ आली, असं नाही. आधी एवढं करून बघा:

1. सेटिंग्ज → अबाउट फोन इथे अँड्रॉइडची आवृत्ती पाहा. सिस्टम अपडेट आलेलं असेल तर ते आधी घ्या.
2. व्हीपीएन (फोन दुसऱ्याच देशात आहे असं भासवू शकणारी सेवा) चालू असेल तर बंद करा. काही ॲप्स ठरावीक देशांपुरतीच असतात.
3. सेटिंग्ज → ॲप्स → गूगल प्ले स्टोअर → स्टोरेज इथे जाऊन कॅशे आणि डेटा पुसा, मग फोन रीस्टार्ट करा. यात तुमची बाकीची ॲप्स किंवा फोटो जात नाहीत, निर्धास्त राहा.

जुन्या आयफोनवाल्यांसाठी तर फारच कामाची युक्ती आहे. तेच ॲपल खातं असलेल्या नव्या आयफोनवर ॲप एकदा उतरवा. मग जुन्या फोनवर ॲप स्टोअरच्या खरेदी-यादीत जाऊन त्यापुढच्या ढगाच्या चिन्हावर टॅप करा. जुनी, चालणारी आवृत्ती उपलब्ध असेल तर ‘ती घ्यायची का’ असं विचारलं जातं.

उलटंही होतं: अँड्रॉइड 14 पासून फार जुनी ॲप्स फोन स्वतःच अडवतो.

आणि कुठल्याही अनोळखी साइटवरून एपीके (अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल) उतरवू नका. बँकेचं ॲप तर मुळीच नाही.