तेलाचं मूळगाव शोधण्याआधी बाटलीचं झाकण बघा

एम.एस्सी. करून मी कच्च्या तेलाच्या प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा शिरपूरहून आबांचा फोन आला, “तेलनं गाव बी सांगता येस का रे?”

सांगता येतं. पण आबांना आधी केळीचं पान दाखवावं लागलं. पानाची मागची बाजू घासली की बोटाला पांढरी भुकटी लागते, ते मेण. झाडांच्या पानांवरच्या मेणात 27, 29, 31 अशा विषम कार्बनसंख्येचे अल्केन (कार्बन-हायड्रोजनच्या साध्या साखळ्या) जास्त असतात. जमिनीखाली फारसं न तापलेल्या तेलात ही खोड दिसली, तर त्यात जमिनीवरच्या झाडांचा वाटा असावा, असा अंदाज बांधतात. बायोमार्कर म्हणजे जिवांच्या रेणूंचे असे उरलेले सांगाडे. 1934 च्या सुमारास आल्फ्रेड ट्राइब्स यांना खनिज तेलात हरितद्रव्याच्या कुळातले पॉर्फिरिन सापडले, तिथून हे शास्त्र उभं राहिलं.

काम तसं ठरलेलं. अस्फाल्टीन (तेलातला जड, डांबरी भाग) खाली बसवायचं, सिलिका जेलमधून संपृक्त भाग (अल्केनसारखे रेणू) काढायचा, जीसी-एमएसला (रेणू वेगळे करून त्यांच्या तुकड्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला) द्यायचा. तुकड्याच्या 191 या वस्तुमानावर बॅक्टेरियांचे होपेन, 217 वर शेवाळ-वनस्पतींचे स्टेरेन, हे दोन्ही बायोमार्करच.

माझ्या पहिल्याच नमुन्यात 149 वर भलंमोठं शिखर आलं. दोन दिवस मी हवेत! मग वरिष्ठ ताईंनी एवढंच विचारलं, “झाकण कशाचं होतं?” प्लास्टिकचं. म्हणजे थॅलेट, प्लास्टिक मऊ करणारं रसायन. तेव्हापासून काचेची बाटली, टेफ्लॉनचं अस्तर आणि प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना (तेल न घालता तीच सगळी कृती). तो कंटाळवाणा वाटतो, पण तोच इभ्रत वाचवतो.

दुसरी चूक सगळेच करतात: एकाच खुणेवर निकाल देणं. ओलिअनेन हे आणखी एक बायोमार्कर सपुष्प वनस्पतींकडून येतं. ते दिसलं, तर स्रोत-खडक (तेल ज्यात तयार झालं तो) बहुधा क्रिटेशस (डायनासोरांचा शेवटचा काळ) किंवा त्यानंतरचा. नाही दिसलं, तर काहीच सिद्ध होत नाही. गाळ साचला तिथवर पालापाचोळा पोचलाच नसेल. शिवाय साठ्यातले जिवाणू साधे अल्केन आधी फस्त करतात, होपेन-स्टेरेन बरेच नंतर. म्हणून मेणाची खूण गायब दिसली तरी घाई नको.

रसायनवाल्यांनो, भूशास्त्र टाळू नका. आपल्याकडे खानदेशात विहीर खणताना सुरुंग लावून फोडतात तो काळा पाषाण (बेसाल्ट) पश्चिमेला गुजरातेतल्या खंभातच्या खोऱ्यात तेलाच्या थरांखाली तळ होऊन बसलाय. 1960 मध्ये तेल लागलेलं अंकलेश्वर त्याच खोऱ्यातलं. हे मला शेजारच्या टेबलावरच्या भूशास्त्रवाल्याने शिकवलं. चहाचे पैसे अजून मीच देतो.